राजकन्येची दाढी

ग्लेनिसच्या हनुवटीवर सत्तावीस केस होते. हा अंदाज नव्हता, मोजणी होती: डावीकडे अकरा, उजवीकडे सोळा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या पोरीला स्वतःचे केस मोजायला आरसा आणि पाच मिनिटं पुरतात. कारणही तिला ठाऊक होतं. स्वतःचं रक्त तिने आपल्याच मशीनवर चालवून पाहिलं होतं. टेस्टोस्टेरॉन वरच्या मर्यादेच्या जरासं पलीकडे होतं. दहातल्या एखाद्या बाईचं असतं. गोळ्या सुरू होत्या, तब्येत ठणठणीत होती, आणि ग्लेनिसच्या मते विषय तिथे संपत होता.

तिच्या आईच्या मते तो तिथे सुरू होत होता.

व्हेरॉनिकाबाई बहरीनमधल्या वसईकर ख्रिस्ती मंडळाच्या महिला विभागाच्या अध्यक्षा. अकरा वर्षं त्या पदावर होत्या, कारण दुसरं कोणी उभं राहायला धजत नसे. अदलियात त्यांच्या घरापासून चालत जाता येईल असं एक चांगलं लेडीज सलून होतं, पण तिथे वसईच्या बायका यायच्या. म्हणून दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मायलेकी गाडी काढून थेट हमद टाउनला जात. तिथे सतराव्या राउंडअबाउटजवळ, काळ्या काचांमागे, दापोलीची सुरैया दोरा घेऊन बसलेली असे. दोऱ्याचं एक टोक दातात धरूनही ती घडाघडा बोलू शकायची. दोन खुर्च्यांमध्ये तिने जाड पडदा लावला होता, म्हणजे कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते कळू नये. सुरैयाच्या हाताला गुण होताच, पण गिऱ्हाईक टिकायचं ते त्या पडद्यामुळे.

"अर्ध्या बहरीनच्या दाढ्या मी उचलल्यात," ती म्हणायची. "पुरुषांच्या सोडून."

"हळू बोल," व्हेरॉनिकाबाई म्हणायच्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी, परत येताना गाडीत, ग्लेनिसने विषय काढला. "आई, मी क्रेगला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"हनुवटीचं."

व्हेरॉनिकाबाईंनी इतका करकचून ब्रेक दाबला की मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवरून हातच काढला नाही.

क्रेग मूळचा वसईचाच, वय अठ्ठावीस, हिद्दजवळच्या बंदरात नोकरीला. जहाजावर कुठला कंटेनर कुठे रचायचा, हे तो ठरवायचा. आईबापांनी गाठ घालून दिली आणि दोघं अदलियातल्या कॅफेत दोनदा भेटले. ग्लेनिसला तो आवडला होता. त्याने रक्तगट कसा ओळखतात ते विचारलं, आणि ती सांगत असताना वीस मिनिटं फोनकडे पाहिलं नाही. मग जड कंटेनर खाली का ठेवतात ते त्याने साखरेच्या पुड्या एकावर एक रचून दाखवलं. शिवाय त्याला दाढी होती. काळी, दाट, कोरलेली. तिच्यासाठी तो तेल वापरायचा आणि त्या तेलाबद्दल मोकळेपणाने बोलायचा. याची ग्लेनिसला गंमत वाटली होती. एका हनुवटीला तेल आणि दुसरीला दोरा.

"बाय, लग्नाआधी यातलं एक अक्षर काढलंस," व्हेरॉनिकाबाई म्हणाल्या, "तर मी वसईला जाईन ती परत येणार नाही."

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर बाथरूमला कडी असते."

"आयुष्यभर?"

"तुझ्या डॅडींना अठ्ठावीस वर्षांत कळलंय का?"

ग्लेनिसने मान वळवून आईच्या वरच्या ओठाकडे पाहिलं. तिथे दोऱ्याने लाल झालेली एक रेघ होती. ती रेघ दर दुसऱ्या गुरुवारी असायची, आणि त्या संध्याकाळी आई डॅडींना "उन्हाने झालं" असं सांगायची. जानेवारीतसुद्धा.

क्रेगची आई ऑल्गा व्हिजिट व्हिसावर आली होती. होकार की नकार ते ती परत जाण्याआधी सांगणार होती. म्हणजे ग्लेनिसकडे महिनाभर होता. क्रेगने 'हो' म्हणण्याआधी त्याला कळायला हवं, आणि त्याचा चेहरा आपण स्वतः पाहायला हवा, एवढंच तिला हवं होतं. कडी लावून जगायचं तिच्या मनात नव्हतं.

त्याच आठवड्यात मंडळाचं परिपत्रक आलं. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, 'मध्ययुगातील थोर स्त्रिया' अशी वेशभूषा स्पर्धा. संत, धर्मभगिनी, रक्तसाक्षी. धर्मासाठी जीव दिला तिला वसईत रक्तसाक्षी म्हणतात. शेवटी ख्रिस्तराजाचा देखावा, आणि त्यात ख्रिस्ताचा मान क्रेगला, दाढी आयती असल्यामुळे. नियम व्हेरॉनिकाबाईंनी स्वतः लिहिले होते: वेश अंगभर, बाह्या कोपराखाली, लिपस्टिक भडक नको, आणि चेहरा "सोज्वळ, प्रसन्न व उजळ" दिसला पाहिजे.

ग्लेनिसने त्या यादीतल्या बायकांची माहिती काढली, कारण माहिती काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जितकं वाचत गेली तितकी ती खूश होत गेली. असिसीच्या क्लाराने संसार सोडताना केस कापून टाकले होते. तिची भूमिका डिकॉस्टांच्या सुनेला मिळाली होती, कारण तिचे केस कमरेपर्यंत होते आणि ते "वाया जाऊ नयेत" असं समितीचं मत पडलं. हेडविग बर्फातून अनवाणी चालायची. बहरीनच्या हेडविगने सोनेरी सँडल घेतल्या होत्या, टाच मोजून दोन इंच. हंगेरीच्या एलिझाबेथने चर्चमध्ये डोक्यावरचा मुकुट काढून ठेवला होता. इथल्या एलिझाबेथला दोन मुकुट हवे होते, एक ऐनवेळी मोडला तर म्हणून. दिसण्याच्या जाचातून सुटावं म्हणून या बायकांनी जे जे टाकलं होतं, ते सगळं समितीने सातशे-आठशे वर्षांनी गोळा करून, इस्त्री करून परत त्यांच्या अंगावर चढवलं होतं.

आणि मग तिला ती सापडली.

फॉर्मवर तिने लिहिलं: संत विल्गेफोर्टिस, पोर्तुगालची राजकन्या, कुमारिका व रक्तसाक्षी.

समितीने 'राजकन्या' एवढं वाचलं आणि फॉर्म मंजूर केला. पुढचं कोणीच शोधलं नाही. मंडळात फॉर्म वाचायची पद्धतच अशी होती: नाव कोणाचं, सून कोणाची, आणि फी भरली का. व्हेरॉनिकाबाई तर हरखून गेल्या.

"राजकन्या! मला वाटलं तू एखादी रोगी, वाळलेली नन काढशील मला चिडवायला."

"नाही गं, राजकन्याच. चांगली राजवाड्यातली."

"मुकुट?"

"आहे."

"झगा?"

"पायघोळ."

निळ्या मखमलीचा झगा मनामातल्या शिंप्याने शिवला. ख्रिस्तराजाचा झगाही त्यानेच त्याच ताग्यातून शिवला, कारण मंडळाने कापड एकदम घेतलं होतं. मुकुटही एकाच दुकानातून आले. ग्लेनिसचे डॅडी, कॉर्नेलियस, हिद्दच्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनियर होते आणि घरात फारसं बोलत नसत. त्यांनी फ्रिजच्या खोक्यातून साडेपाच फुटी क्रूस कापून दिला.

"रक्तसाक्षी आहे ना? मग हा लागेलच," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मी तिच्याबद्दल वाचलं."

"मग?"

"मग काही नाही. कोपरे घासून घेतलेत, हाताला लागणार नाहीत."

पुढच्या दोन गुरुवारी ग्लेनिसला बरोबर हमद टाउनला जायच्या वेळीच लॅबमध्ये जादा शिफ्ट निघाली. केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. चार आठवड्यांत नऊ मिलिमीटर. घरात ती हनुवटीवर मास्क चढवून वावरू लागली. "लॅबमध्ये फ्लूची साथ आहे," तिने सांगितलं, आणि व्हेरॉनिकाबाईंनी वाफ घ्यायला लावली.

यंदा एक नोव्हेंबर शुक्रवारीच आला, त्यामुळे सगळ्यांना सुटी होती. सकाळी चर्चमध्ये मिस्सा आणि दुपारी चारला अदलियातल्या एका रेस्टॉरंटचा हॉल. पहिल्या रांगेत ऑल्गा आंटी जांभळ्या साडीत बसल्या होत्या. एकामागून एक संत आल्या आणि गेल्या. क्लाराने बुरखा मागे सारून केस मोकळे सोडले तेव्हा टाळ्या पडल्या. हेडविगची टाच स्टेजच्या फटीत अडकली, आणि तिला दोन काकांनी उपटून काढलं.

शेवटचा नंबर ग्लेनिसचा. ती वॉशरूममध्ये होती. नाटकवाल्यांच्या गोंदाने तिने गालांवर दाट तपकिरी दाढी चिकटवली, अगदी नीट, लॅबमध्ये स्लाइडवर लेबल लावतात तशी सरळ. मग मुकुट घालून पडद्यामागे गेली, क्रूसाला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले.

पडदा उघडला.

पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ऑल्गा आंटी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी क्रूसाची खूण केली. त्यांच्या मागे दुसरी रांग उठली, मग तिसरी. मागच्या एक आजीबाई गुडघ्यांवर आल्या.

"माझा क्रेग!" ऑल्गा आंटी शेजारणीला म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. "बघा तेज! मी कधीपासून सांगते, दाढी म्हणजे देवाची देणगी आहे. चेहरा कसा पवित्र दिसतो!"

"साक्षात," शेजारीण म्हणाली.

"डोळे बघा किती शांत. हा जन्मला तेव्हाच नर्स म्हणाली होती."

ग्लेनिस हात पसरून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. विल्गेफोर्टिस नावाची कोणी बाई खरोखर होऊन गेली असेल असं अभ्यासकांना वाटत नाही. त्यांचा तर्क असा की कुठल्यातरी जुन्या क्रूसावर ख्रिस्ताला पायघोळ झगा आणि मुकुट घातला होता. लोकांनी झगा पाहिला, ही बाई आहे असं ठरवलं, आणि मग दाढीचं कारण सांगायला गोष्ट रचली. तेव्हा लोकांनी झगा पाहून ख्रिस्ताची बाई केली. आज ऑल्गा आंटींनी दाढी पाहून बाईचा ख्रिस्त केला होता. नऊ मिलिमीटर झाकणारा पंधरा सेंटिमीटरचा खोटा केस, आणि शंभर माणसं उभी.

तेवढ्यात बाजूच्या दारातून क्रेग आत आला. तोच निळा झगा, तोच मुकुट, फक्त काखेत. तोंडात सामोसा.

"मम्मी?" तो म्हणाला. "माझा सीन अजून आहे ना?"

ऑल्गा आंटींनी मुलाकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं, आणि खाली बसल्या. आजीबाई मात्र गुडघ्यांवरच राहिल्या, कारण उठायला मदत लागणार होती.

माइक व्हेरॉनिकाबाईंच्या हातात होता. स्पर्धकाचं नाव त्यांनीच पुकारायचं होतं. त्यांनी मुलीचे डोळे ओळखले. मग त्या स्टेजच्या कडेला सरकून, माइकवर हात ठेवून पुटपुटल्या, "ग्लेनिस. पडदा पाडते. आत जा, ते काढ. चुकून ख्रिस्त आधी आला म्हणून सांगते. कोणाला कळणार नाही. बाय, पाया पडते तुझ्या."

कडी लागायची होती ती इथेच, आत्ता, हे ग्लेनिसला कळलं. तिने माइक घेतला.

"मी संत विल्गेफोर्टिस," ती म्हणाली. "पोर्तुगालची राजकन्या. बापाने माझं लग्न ठरवलं, मला विचारलं नाही. मी देवाला म्हटलं, मला असं काही कर की हा नवरा पळून जाईल. देवाने एका रात्रीत दाढी दिली. नवरा पळाला. बापाने मला क्रूसावर दिलं. पुढे कितीतरी शतकं युरोपातल्या बायका नवऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून माझ्याकडे मागणं मागायच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी माझं नाव सणांच्या यादीतून काढलं. दाढीमुळे नाही म्हणे."

हॉलमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवत होता, सावकाश आणि एकसारख्या. ते कॉर्नेलियस होते.

"ही मुलगी आहे?" ऑल्गा आंटी म्हणाल्या. "शी! बाईच्या तोंडावर कसं घाण दिसतं ते!"

दाढी तीच होती. मिनिटही झालं नव्हतं.

स्टेजमागच्या बोळात क्रेग तिला गाठायला आला. दोन ख्रिस्तराजे, दोन राजकन्या, काय म्हणाल ते, एकाच ताग्यातल्या मखमलीत समोरासमोर उभे राहिले. तो मनापासून हसत होता.

"कमाल केलीस! मम्मीने तुला चक्क नमस्कार केला."

"क्रेग, एक दाखवायचंय." तिने गोंद सुटेल अशा बेताने दाढी ओढून काढली. कातडी लाल झाली. "हे बघ. इथे. हे माझे आहेत."

तो जवळ आला, वाकला. ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने नीट पाहिलं. त्याचं हसणं संपायला किती वेळ लागला हे मोजता आलं असतं, पण तिने पहिल्यांदाच काही मोजलं नाही.

"हे खरे आहेत?"

"सत्तावीस. पीसीओएस. हार्मोनचं असतं. तुला 'हो' म्हणण्याआधी कळावं म्हणून."

"नाही, मला काही प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. त्याचा हात नकळत स्वतःच्या दाढीवरून फिरला. "पण हे काढता येतं ना?"

"तुझी काढता येते?"

"माझी वेगळी."

"कशी वेगळी? केराटिन तेच, मुळं तशीच."

"तसं नाही गं. म्हणजे..." तो खरोखर विचार करत होता, साखरेच्या पुड्या रचताना करायचा तसाच. "तू नेहमी काढतेस ना? मम्मीला कळायचं काही कारण नाही. आणि लग्नाच्या फोटोत नाही दिसणार ना? हल्ली क्लोजअप फार घेतात."

ग्लेनिसने मुकुट काढून त्याच्या हातात दिला. आता त्याच्याकडे दोन झाले.

"जा," ती म्हणाली. "तुझा सीन आहे."

पहिलं बक्षीस क्लाराच्या केसांना मिळालं.

रविवारी फोन आला. मुलगी हुशार आहे, ऑल्गा आंटी म्हणाल्या, शिकलेली आहे, इंशाल्ला तिला चांगलं स्थळ मिळेल. पण क्रेगने सगळं सांगितलं. आमच्या घराण्यात बायका नाजूक असतात, पुढची पिढी बघावी लागते.

व्हेरॉनिकाबाईंनी फोन ठेवला आणि सोफ्यावर बसून रडल्या. "आता सगळ्या वसईला कळेल," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातल्या बायकांना..." आणि नवरा समोर बसलाय हे आठवून थांबल्या.

"लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला," कॉर्नेलियस पेपरमधून डोकं न काढता म्हणाले. "जानेवारीत कुठलं आलंय ऊन?"

रडणं थांबलं. व्हेरॉनिकाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षांचे दुसरे गुरुवार त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत.

"मग बोलला का नाहीत?"

"तू कडी लावून घ्यायचीस."

पुढच्या गुरुवारी व्हेरॉनिकाबाईंनीच गाडी काढली. "माझं करायचंय," त्या म्हणाल्या. "तू नुसती सोबत चल. तुझं तू बघ." वाटेत ग्लेनिसने क्रेगचं बोळातलं बोलणं आईला शब्दशः सांगितलं. सुरैयाकडे दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एका खुर्चीतली बाई उठली तशा व्हेरॉनिकाबाई जाऊन बसल्या. ग्लेनिस बाकावर बसली. पडद्यापलीकडे सुरैया कोणाची तरी हनुवटी वर करून दोरा चालवत होती.

"मान वर, आंटी. तुमचे फार जाड झालेत. रेझर फिरवता ना?"

"कधीमधी," पलीकडून आवाज आला. "शनिवारचं विमान आहे माझं, लवकर आटप. आणि हे बघ, हे इकडच्या हवेने झालंय. तिकडे मला असलं काही नसतं. आमच्या घराण्यात बायका नाजूक."

ग्लेनिसने आईकडे पाहिलं. आईने तोंडावर बोट ठेवलं, आणि ग्लेनिसला वाटलं, झालं, आता आपण दोघी चोरासारख्या बाहेर पडणार.

व्हेरॉनिकाबाई उठल्या. ओठावर अजून दोरा लागलेला नव्हता, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी पडदा धरला आणि कड्या खणखणतील असा एका दमात बाजूला ओढला. ऑल्गा आंटी मान मागे टाकून पडल्या होत्या. अर्धी हनुवटी लाल, अर्धी पांढऱ्या खुंटांची.

अकरा वर्षं सभा चालवलेल्या आवाजात व्हेरॉनिकाबाई म्हणाल्या, "सुरैया, डावीकडे खाली दोन राहिलेत. नीट बघून काढ. त्यांना क्लोजअप असतात."